अजरखपूरला सूफ शिकताना

कच्छमधल्या भुजहून भचाऊच्या रस्त्याला लागलं की साधारण पंधरा किलोमीटरवर अजरखपूर येतं. गावाला लागूनच ‘लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर’ आहे. नाव लांबलचक, म्हणून तिकडे सगळे एलएलडीसीच म्हणतात. ‘श्रुजन’ या संस्थेने ते उभारलं आणि २०१६ च्या जानेवारीत ते लोकांसाठी खुलं झालं. कच्छी भरतकामाचं संग्रहालय, कारागिरांनी बसून काम करावं आणि शिकवावं अशी जागा, ग्रंथालय, प्रेक्षागृह, दुकान, सगळं एका आवारात. मी पुण्यातल्या एका शाळेत कार्यानुभव शिकवते. सुट्टीत तिथे सूफ भरतकाम शिकायला गेले होते. परत आल्यापासून शाळेतल्या मैत्रिणी एकच विचारतात, “म्हणजे नक्की काय आहे ते? म्युझियम की क्लास?” त्याचं सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हे लिहायला घेतलं.

सूफच का, तर माझं आजोळ बेळगावचं. मावशी इरकल साडीवर कसुती काढायची. कसुतीत कापडावर आधी काही रेखाटत नाहीत. उभे-आडवे धागे मोजत टाका पुढे न्यायचा, गाठ मारायची नाही, आणि गवंती नि मुरगी या टाक्यांत कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. लहानपणी मी तिच्याकडून थोडंफार शिकले, ते हातात राहिलं. सूफही मोजणीचं काम आहे, पण ते कापडाच्या उलट्या बाजूने करतात, असं वाचलं होतं. नुसतं वाचून ते काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

जाण्यायेण्याचं फार सांगत नाही. पुण्याहून भुजला थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते. मुंबईहून रोज मिळते. केंद्रात आधी फोन करून ठेवला की कुठलं काम शिकायचंय, कारागीर कधी मोकळ्या आहेत, हे ठरवता येतं. थंडीत जावं. उन्हाळ्यात तिथलं ऊन आपल्याला सोसवत नाही.

शिकवायला ज्या बाई होत्या त्यांना सगळे बेन म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्याही मला बेनच म्हणायच्या. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत, मध्येमध्ये गुजराती. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानातल्या थरपारकर भागातून बरीच सोढा राजपूत आणि मेघवाळ कुटुंबं सीमा ओलांडून कच्छमध्ये आली. सूफ हे त्यांच्या घरातलं काम. बेनच्या माहेरचे त्यांतलेच. त्यांचा जन्म इकडचा, पण बोलताना ‘आमच्या तिकडे’ म्हणाल्या की ते थरपारकर असायचं. तिथून येताना बायकांनी लग्नाच्या रुमाल-तोरणांची गाठोडी बरोबर आणली, आणि पुढे कच्छमध्ये रोजगार म्हणून जेव्हा भरतकामाकडे पाहिलं गेलं तेव्हा हीच गाठोडी नमुने म्हणून उपयोगी पडली, असं त्या सांगत होत्या.

पहिल्याच बैठकीत त्यांनी हातात कापड दिलं आणि ते उलटं धरायला लावलं. साध्या विणीचं कापड, धागे नजरेने सुटे मोजता येतील असं, पण आपण शाळेत वापरतो त्या मॅटीहून कितीतरी बारीक. रिंग लावायची नाही. डाव्या हाताच्या तर्जनीवर कापड ताणून घ्यायचं आणि अंगठ्याने दाबून धरायचं. सुई आत गेली की कापडाखालून सरकते, ठरलेले धागे ओलांडते आणि आपल्याकडे वर येते. वर आल्यावर फक्त एक धागा ओलांडायचा आणि तिथूनच परत आत. म्हणजे लांब, चमकदार टाका सगळा पलीकडच्या अंगाला पडतो, जो आपल्याला दिसतच नाही. समोर राहतात ते दोन्ही कडांचे बारीक ठिपके. दर ओळीला धागे वाढवत गेलं की ठिपक्यांच्या दोन रांगा एकमेकींपासून दूर जातात, कमी करत गेलं की जवळ येतात. असा त्रिकोण होतो. सूफमध्ये जे काही आहे, मोर, लाट, झाड, ते सगळं या त्रिकोणांचं.

मी विचारलं, हे सरळ बाजूने का नाही करायचं? बेननी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रेशीम महाग. नेहमीच्या भरीव टाक्यात जितका धागा वर दिसतो तितकाच मागे जातो; इथे मागे फक्त ठिपके, म्हणून जवळजवळ सगळा धागा दर्शनी बाजूला कामी येतो. दुसरं, काम चालू असताना हाताचा घाम, मळ सुलट्या बाजूला लागत नाही. एखादं तोरण वर्षभर हातात असतं, घरची कामं सांभाळून भरलं जातं. पूर्ण झालं की उलटून बघायचं, आणि आतली बाजू कोरीच्या कोरी.

मोजताना बेनचे ओठ हलायचे, आवाज नाही. सुईच्या टोकाने धागे उचलून बघणं हे फक्त मी करत होते. त्या नजरेनेच मोजत. पट्टी भरायची असेल तर आधी तिचा मध्य धरायचा, तिथे पहिला त्रिकोण बसवायचा आणि दोन्हीकडे सारखं सरकायचं, म्हणजे कोपऱ्यात नक्षी तुटत नाही. एका धाग्याचा फरक पडला की चार त्रिकोणांनंतर टोकं जुळत नाहीत, म्हणून दर थोड्या वेळाने कापड उलटून बघण्याची शिस्त त्यांनी लावली. मुलांना भूमिती शिकवताना आपण सममिती हा शब्द फळ्यावर लिहितो. त्याचा अर्थ बोटांना इतका स्पष्ट कळलेला मी पहिल्यांदा अनुभवला. कसुतीची सवय मला उपयोगी पडली, पण एक गोष्ट अगदी नवी होती. कसुतीत आपण घालतो तो टाका आपल्याला दिसतो. सूफमध्ये आपण सतत जे दिसत नाही त्याचा हिशेब ठेवत असतो, आणि डोक्यात नक्षी उलटी धरावी लागते.

प्रकाश खिडकीचा लागतो. दुपारनंतर बेन बारीक काम बाजूला ठेवायच्या. चाळिशी लागली की सूफ सोडून दुसऱ्या टाक्याकडे वळणाऱ्या बायका खूप आहेत, असं त्या म्हणाल्या. खारेक नावाच्या भरतकामात चौकटी आधी आखलेल्या असतात, तिथे डोळ्यांना जरा सोपं जातं. सूफ करणाऱ्या बाईचं चांगल्या कामाचं आयुष्य इतकं थोडं असतं हे माझ्या मनातून जात नाही. त्या वर्षांत तिला पुरेसे पैसे मिळाले पाहिजेत, आणि त्याच वर्षांत तिने पुढच्या मुलीला शिकवलं पाहिजे. दोन्ही एकदम.

बैठक संपली की मी दालनांमध्ये जायची. इथलं मुख्य प्रदर्शन कच्छच्या जिवंत भरतकाम परंपरांचं आहे, आणि त्याची मांडणी समाजानुसार आहे: अहिर, रबारी, जत, मुतवा, मेघवाळ, सोढा. मला ही मांडणी फार योग्य वाटली, कारण कच्छमध्ये टाका ही ओळख आहे. कुठल्या बाईने कुठली चोळी घातली आहे यावरून ती कोणाकडची, लग्न झालंय का, हे कळत असे. अहिरांचं काम साखळी टाक्याच्या कडांचं, त्यात मोर, पोपट, विंचू आणि गोल आरसे, आणि रंग ठसठशीत. रबारींच्या कामात आरसे वेगवेगळ्या आकारांचे आणि कडेने बखियाची, म्हणजे उलट टाक्याची, बारीक ओळ. गरासिया जत बायकांच्या अंगरख्याची छाती संपूर्ण फुलीच्या टाक्याने भरलेली, कापड म्हणून दिसतच नाही. बन्नी या गवताळ भागातल्या मुतवांचं काम इतकं बारीक की आरसा मसुरीच्या दाण्याएवढा. मोची लोकांचं आरीकाम निराळंच; चामडं शिवणाऱ्यांची हुकाची आरी रेशमावर आली आणि दरबारासाठी भरतकाम करू लागली.

कार्यशाळेत आदल्या दिवशी जे बोटांनी केलं तेच दुसऱ्या दिवशी काचेआड बघताना नजर बदललेली असते. पूर्वी मी ‘काय सुंदर रंग आहेत’ म्हणून पुढे गेले असते. आता एका सोढा रुमालासमोर उभी राहिले तेव्हा मी कोपरा बघत होते. कोपऱ्यात नक्षी वळली होती आणि कुठेही अर्धा त्रिकोण कापलेला नव्हता. म्हणजे त्या बाईने पहिल्या टाक्याआधी चारही बाजूंची मोजणी मनात पक्की केली होती. काच मात्र आड येते. संग्रहालयात कापडाची सुलटी बाजू दाखवतात, आणि सूफमधलं निम्मं शहाणपण उलट्या बाजूला आहे. ती बाजू मला शिकण्याच्या खोलीतच बघायला मिळाली, जिथे कापड हातात घेऊन उलटता येत होतं. प्रदर्शन आणि स्टुडिओ एका आवारात का असावेत, याचं यापेक्षा चांगलं कारण मला सुचत नाही.

रबारी दालनासमोर मी फार वेळ होते. १९९५ मध्ये ढेबरिया रबारी समाजाच्या पंचांनी भरतकामावरच बंदी घातली. हुंड्यात द्यायचं भरलेलं सामान तयार करायला मुलींची वर्षानुवर्षं जात, लग्नं लांबत, सासरी पाठवणी रखडत. मग समाजाने ठरवलं की भरायचंही नाही आणि वापरायचंही नाही. त्या निर्णयाला मी बाहेरून नावं ठेवणार नाही; मुलींच्या आयुष्याचा प्रश्न होता. पण त्यामुळे एका समाजाच्या अंगावरून एक संपूर्ण कला उतरली. बायकांनी पुढे लेस, रिबिनी आणि मशीनवरच्या शिलाईतून आपलं नटणं सुरू ठेवलं. असं काही घडतं तेव्हा जुनं काम कुठेतरी नीट जपलेलं असणं, आणि ते त्याच समाजाच्या मुलींना येऊन बघता येणं, याला किंमत येते.

या केंद्राची सुरुवात मुळात अशाच विचारातून झाली. १९६९ मध्ये कच्छमध्ये मोठा दुष्काळ होता. चंदा श्रॉफ मदतकार्यासाठी मुंबईहून धाणेटी गावात आल्या. तिथल्या अहिर बायकांना फुकटचं अन्न नको होतं, काम हवं होतं. चंदाबेननी त्यांच्याकडून साड्या भरून घेतल्या, त्या मुंबईत विकल्या गेल्या, आणि श्रुजनचं काम सुरू झालं. पुढे त्यांना सगळे काकी म्हणू लागले. पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं नंतरचं काम. काही दशकांनी त्यांच्या लक्षात आलं की बाजारासाठी भरता भरता बायकांच्या हातून अवघड टाके सुटत चाललेत, आणि जुने उत्तम नमुने तर व्यापारी गोळा करून घेऊन गेलेत. नातीला आजीचं काम बघायलाच मिळत नाही. मग त्यांनी कच्छभरच्या निवडक, उत्तम कारागीर बायकांकडून प्रत्येक शैलीचे मोठे पॅनेल भरून घेतले, हजारावर, आणि ते गाडीत घालून गावोगाव नेले. चाकांवरचं डिझाइन केंद्र. बायका ते बघत, एकमेकींच्या समाजाचे टाके पारखत, आपलं विसरलेलं काही आठवत. या उपक्रमासाठी २००६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. ते पॅनेल आज एलएलडीसीच्या संग्रहाचा गाभा आहेत. म्हणजे हा संग्रह आधी कारागिरांसाठी गावोगाव फिरला, तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी इमारत नंतर झाली. केंद्र सुरू झालं त्याच वर्षी, २०१६ मध्ये, काकी गेल्या.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कारागिरांनी पाहुण्यांसारखं बघावं अशी ही जागा नाही. त्या तिथे आपल्या वस्तू बघायला येतात तशा येतात. मी होते तेव्हा एका गावातून बायकांची गाडी आली. त्या दालनात शिरल्या आणि लगेच जोरजोरात बोलू लागल्या, हे अमुकचं, तो टाका चुकीचा म्हणतेस काय, आमच्याकडे असाच घालतात. एक म्हातारी एका पॅनेलपाशी बराच वेळ बोट हवेत फिरवत टाके मोजत होती, आणि शेजारची मुलगी मोबाइलवर त्याचा फोटो काढत होती. आपल्याकडे संग्रहालयात शांतता राखा अशी पाटी असते. इथे तो गलबलाच अभ्यास होता.

एका दुपारी पायी गावात गेले. अजरखपूर हे गावच मुळी २००१ च्या भूकंपानंतर वसलं. अजरख म्हणजे ठशांनी छापलेलं कापड; ते छापणारे खत्री आधी कच्छमधल्याच धमडका गावी होते, सोळाव्या शतकात सिंधमधून येऊन राहिलेले. भूकंपात धमडका उद्ध्वस्त झालं आणि पाण्यातलं लोहाचं प्रमाण वाढलं. अजरखला ते चालत नाही, रंग काळवंडतात. इस्माईल मोहम्मद खत्री आणि त्यांच्याबरोबरच्या कुटुंबांनी मग ही नवी जागा निवडली. अंगणात हिरड्याच्या पिवळट पाण्यातून काढलेलं कापड वाळत होतं. त्याच्यावर चुना-डिंकाचा ठसा, मग लोखंडाच्या गंजाचा काळा, तुरटीचा तांबडा, नीळ, पुन्हा धुणं, पुन्हा ऊन. गंजाचा काळा करायला भंगार लोखंड गूळ आणि बेसनाबरोबर दिवसेंदिवस आंबवतात. त्या पिंपाचा वास गल्लीभर होता. कच्छच्या अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा सगळा कारखाना केंद्रापासून चालण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे केंद्रात शिकायला येणाऱ्याला भरतकामाआधी कापड कुठून येतं, रंग कसा बसतो, हेही दिसतं.

दुकानात मी शेवटी गेले. एका छोट्या सूफ पट्टीची किंमत बघून शेजारची पाहुणी “बापरे” म्हणाली. मला तसं वाटलं नाही. तेवढी पट्टी भरायला किती वेळ जातो ते माझ्या खांद्यांना आणि डोळ्यांना माहीत झालं होतं. शिकणाऱ्याने निदान एक त्रिकोण भरावा आणि मग किंमतीकडे बघावं, असं मला मनापासून वाटतं. चांगलं गिऱ्हाईक तयार करणं हेही अशा केंद्राचं शिक्षणच आहे, आणि ते भाषण देऊन होत नाही.

महाराष्ट्राचा विचार मनात येत राहिला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कापडाचं सुरेख दालन आहे, मी मुलांना घेऊन गेले आहे. पण तिथून बाहेर पडून शेजारच्या खोलीत मागावर बसता येत नाही. येवल्यात माग आहेत, विणकर आपुलकीने दाखवतात, पण दोन-तीनशे वर्षांच्या पैठण्या एका जागी लावून ‘हा पदर बघ, हा तुझ्या पणज्याच्या काळातला’ असं विणकराच्या मुलाला दाखवण्याची सोय नाही. घोंगडी, हिमरू, वारली, सावंतवाडीची लाकडी खेळणी, सगळ्यांची तीच कथा. वस्तू एकीकडे, करणारे दुसरीकडे, शिकणारे तिसरीकडे. आणि बंजारा भरतकाम! आरसे, कवड्या, फेटियाची म्हणजे त्यांच्या घागऱ्याची ती दाट किनार. मराठवाड्यातून आणि विदर्भातून कामासाठी आलेली बंजारा कुटुंबं आमच्या शाळेच्या आसपासच्या बांधकामांवर आहेत. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. मी त्यांना क्रॉसस्टिच शिकवते, पुस्तकातून.

परत आल्यावर मुख्याध्यापिकांशी बोलले. सहावीतल्या एका मुलीची आजी कांचळीवर, म्हणजे बंजारा चोळीवर, उत्तम भरते. ती येत्या सत्रात आठवड्यातून एकदा कार्यानुभवच्या तासाला येईल. तिच्या घरचे दोन जुने कपडे, तिची हरकत नसेल तितका काळ, वर्गातल्या कपाटात लावायचे आणि मुलांनी ते हातात घेऊन, उलटून बघायचे, असं ठरलं आहे. मानधन पालक-शिक्षक संघाच्या निधीतून. ते तिच्या बांधकामावरच्या रोजापेक्षा कमी नको, यावर मी अडून बसले. थोडी चर्चा झाली, पण शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर सुया आणि दोरे आणायला रविवार पेठेत जायचंय. तिला कुठला दोरा चालतो ते तीच सांगणार आहे.